चार मोहरे मारात

हे प्रकरण वाचताना पट जवळ असू द्या. बुद्धिबळातला हल्ला नुसत्या वाचनाने कळत नाही. मोहरे स्वतःच्या हाताने सरकवले, एकदा चुकीच्या घरात ठेवून परत उचलले, की मग तो बोटांत उतरतो.

आधी एक स्थिती सांगतो. सोळा चाली झाल्या आहेत आणि काळ्याचे चार मोहरे एकाच वेळी मारात आहेत. एफ८ वरच्या हत्तीवर पांढऱ्या घोड्याचा मारा आहे. सी५ वरचा उंट प्याद्याच्या तोंडाशी आहे. जी४ वरचा घोडा पांढरा उंट केव्हाही उचलू शकतो. आणि नुकताच ई५ वर येऊन उभा राहिलेला दुसरा घोडा तर दोन प्याद्यांच्या माऱ्यात आहे. हत्तीचे पाच गुण, उंटाचे तीन, दोन घोड्यांचे सहा. एकूण चौदा गुणांचा ऐवज उघड्यावर पडलेला, आणि चाल पांढऱ्याची.

त्यानंतर सात चालींत पांढऱ्याने डाव सोडला.

जानेवारी २०१३. नेदरलँड्समधले वाइक आन झी हे उत्तर समुद्राच्या काठावरचे छोटे गाव. शेजारी पोलादाचा प्रचंड कारखाना आणि त्या कारखान्याच्या नावाने १९३८ पासून चालत आलेली स्पर्धा. आधी तिला हूगोव्हन्स म्हणत, मग कोरस, आणि टाटांनी ती कंपनी घेतल्यावर टाटा स्टील. युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात समारोपाच्या जेवणात वाटाण्याचे सूप वाढले गेले, ती प्रथा इथे आजही पाळतात. कास्पारोव्हने १९९९ मध्ये टोपालोव्हला हरवले, ज्या डावाचे नाव काढले की जुने खेळाडू आजही सरसावून बसतात, तो डाव याच गावातला. नाशिकच्या विदित गुजराथीने २०१८ मध्ये चॅलेंजर्स गट जिंकला तोही इथेच.

२०१३ च्या स्पर्धेची ती चौथी फेरी. पांढरी मोहरी आर्मेनियाच्या लेव्हॉन अरोनियनकडे. २८०० गुणांकनाच्या पलीकडे पोचलेले खेळाडू तेव्हा बोटांवर मोजण्याइतके होते आणि तो त्यांपैकी एक होता. काळी मोहरी विश्वनाथन आनंदकडे. आनंद जगज्जेता होता, पण ते दिवस त्याच्यासाठी सुखाचे नव्हते. मे २०१२ मध्ये मॉस्कोत बोरिस गेल्फंडविरुद्ध बारा डाव सहा-सहा असे बरोबरीत सुटले आणि जलद डावांत त्याने जगज्जेतेपद राखले. त्या लढतीवर टीका खूप झाली. डाव लवकर बरोबरीत सुटतात, धार गेली, त्रेचाळिशीत आता आणखी काय अपेक्षा करायची, असे लोक उघड बोलत होते. त्या पार्श्वभूमीवर हा डाव आला, म्हणून तो मला जास्तच प्रिय आहे.

आता चाली. पांढऱ्याचे वजिरापुढचे प्यादे डी४, काळ्याचे डी५. मग सी४, सी६. घोडा एफ३, घोडा एफ६. घोडा सी३, ई६. ई३, घोडा डी७. ही सेमी-स्लाव्ह मांडणी. सहाव्या चालीला पांढऱ्याने उंट डी३ वर आणला, आणि काळ्याने लगेच डी५ चे प्यादे सी४ वर मारले. उंटाला ते परत मारावे लागले. काळ्याने बी५ खेळून त्याला पुन्हा हुसकावले आणि उंट मुकाट्याने डी३ वर परतला. ही मेरान पद्धत. तीन चाली एका उंटावर गेल्या आणि तो जिथून निघाला तिथेच आला, हे मनात ठेवा. पुढे त्याचा हिशेब होणार आहे.

काळ्याने उंट डी६ वर आणला, दोघांनी किल्लेकोट केला. पांढऱ्याचा वजीर सी२ वर, काळ्याचा दुसरा उंट बी७ वर. पांढऱ्याने ए३ खेळले, काळ्याने हत्ती सी८ वर आणला. बाराव्या चालीला अरोनियनचा घोडा जी५ वर गेला. डी३ चा उंट आणि सी२ चा वजीर एकाच कर्णावर, दोघांचा रोख एच७ च्या प्याद्यावर, त्यात आता घोड्याची भर. साधा खेळाडू इथे जी६ किंवा एच६ खेळून घर सावरेल. आनंदने दुसऱ्याच बाजूला सी५ खेळले. या मांडणीची तयारी मुळात गेल्फंडविरुद्धच्या लढतीसाठी झाली होती. तिथे वापरायची वेळ आली नाही, ती इथे उपयोगी पडली.

अरोनियनने घोड्याने एच७ चे प्यादे मारले. आता हा घोडा एफ८ च्या हत्तीवरही आहे आणि एफ६ च्या घोड्यावरही. तो मारावा, असेच कोणालाही वाटेल. आनंदने त्याला हात लावला नाही. त्याने एफ६ चा घोडा उचलून जी४ वर ठेवला.

या एका चालीत तीन गोष्टी झाल्या. डी६ चा उंट आणि जी४ चा घोडा या दोघांचा मारा एच२ वर जुळला. घोडा एफ६ वरून हलल्यामुळे वजिराला डी८ पासून एच४ पर्यंतचा कर्ण मोकळा झाला. आणि पांढऱ्यापुढे मोह ठेवला गेला: घे हत्ती. पांढऱ्याने तो तेव्हाच घेतला असता, तर उंटाचा एच२ वर शह, राजा कोपऱ्यात, मग वजीर एच४ वर, आणि हल्ला सुरू. अरोनियन हे सगळे पाहणारा खेळाडू. त्याने एफ४ खेळून काळ्या उंटाचा एच२ कडचा कर्णच बंद केला.

इथे थोडे थांबतो, कारण डावाची कूस याच चालीने पालटली. एफ४ ही आपत्ती टाळणारी चाल. पण प्यादे एफ२ वरून उठले की राजाशेजारचा दुसरा कर्ण उघडा पडतो: जी१, एफ२, ई३, डी४, सी५. त्या वाटेवर अजून पांढऱ्याची दोन प्यादी होती, ई३ आणि डी४. आनंदने सी५ च्या प्याद्याने डी४ वर मारले, पांढऱ्याला ई३ च्या प्याद्याने परत मारावे लागले, आणि वाटेत एकच प्यादे उरले. लगेच काळा उंट डी६ वरून सी५ वर सरकला. हे घर थेट प्याद्याच्या तोंडाचे.

उंट खावा का? खाल्ला तर डी७ चा घोडा सी५ वर मारत येतो, डी पट्टी मोकळी होते, डी३ च्या उंटावर घोडा आणि वजीर दोघांचा मारा येतो, शिवाय डी४ वर वजिराचा शह तयारच. अरोनियनने तो खाल्ला नाही. त्याने उंट ई२ वर मागे घेऊन जी४ च्या घोड्याला विचारले, तू इथे किती वेळ राहणार?

उत्तर आले दुसऱ्या घोड्याकडून. डी७ चा घोडा ई५ वर. आपण सुरुवातीला पाहिली ती हीच स्थिती.

ई५ च्या घोड्यावर दोन प्यादी आहेत. त्यातले डी४ चे प्यादे मारूच शकत नाही. ते ई५ वर गेले तर सी५ च्या उंटाचा राजाला थेट शह बसतो. ते जागेवर जखडलेले आहे. उरले एफ४ चे. त्याने मारले तर काळा वजीर डी४ चे प्यादे मारून शह देतो, राजा एच१ वर जातो, आणि मग वजीर जी१ वर, राजाच्या अंगाला लागून. राजा त्याला मारू शकत नाही, पाठीशी सी५ चा उंट आहे. हत्तीलाच मारावे लागते. हत्ती जी१ वर आला की राजाची शेवटची मोकळी जागाही भरली, आणि जी४ चा घोडा एफ२ वर जाऊन मात देतो. स्वतःच्याच हत्ती-प्याद्यांत कोंडलेला राजा. हा प्रकार पुस्तकांत शेकडो वर्षांचा जुना आहे. जगातल्या पहिल्या फळीच्या दोन खेळाडूंच्या डावात तो पटावर न येता नुसता धाक म्हणून वावरतो. धाक इतका खरा की अरोनियनने त्या घोड्याकडे पाहिले नाही.

मोहरा देण्याच्या या कलेला वर्तमानपत्रे ‘बलिदान’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. बलिदानात काही तरी कायमचे गमावल्याची छटा आहे. खेळणारी माणसे तसे बोलत नाहीत. जुनी मंडळी ‘घोडा दिला’, ‘उंट सोडला’ म्हणतात, आताची मुले ‘सॅक केला’ म्हणतात. देणे हाच नेमका शब्द आहे. देणारा बदल्यात काय घेतो, ते पाहायचे असते.

ऑस्ट्रियाचा रुडॉल्फ श्पिलमान याने १९३५ मध्ये या विषयावरच पुस्तक लिहिले. त्याची मुख्य वाटणी फार उपयोगी आहे. एक देणे असे की ज्याचा परतावा शेवटपर्यंत मोजता येतो. तीन चालींत मात, किंवा पाच चालींत वजीर परत. त्याला तो खोटे देणे म्हणतो, कारण जोखीम काहीच नाही. दुसरे देणे असे की पलीकडचा काठ दिसत नाही. मोहरा जातो, बदल्यात वेळ मिळतो, वाटा मोकळ्या होतात, समोरच्याचा राजा उघडा पडतो, आणि बाकी विश्वास. ते खरे देणे.

आनंदच्या डावात दोन्ही आहेत. ई५ चा घोडा श्पिलमानच्या हिशेबाने खोटे देणे. खाल्ला तर मात, इतके सरळ. सर्वांत जास्त टाळ्या त्यालाच मिळाल्या आणि मिळाव्यातही. जी४ वर घोडा नेऊन हत्ती उघडा ठेवणे मात्र वेगळे होते. तयारी असली तरी पुढे नव्या वाटा फुटत जातात आणि पटावर बसलेला माणूस एकटा असतो. आणि यांहून मोठी चाल अजून यायची आहे. ती दिसायला अगदी लहान आहे.

सतराव्या चालीला अरोनियनने उंटाने जी४ चा घोडा मारला. काळ्या उंटाने डी४ चे प्यादे मारून शह दिला, राजा एच१ वर गेला, आणि ई५ च्या घोड्याने जी४ वर उंट मारला. आता पांढऱ्याने अखेर हत्ती घेतला: एच७ चा घोडा एफ८ वर. काळा पूर्ण हत्तीने मागे. एफ८ चा घोडा राजाला सहज मारता येतो. हात आपोआप तिकडे जातो.

आनंदने एफ७ चे प्यादे दोन घरे पुढे टाकले. एफ५.

माझ्या मते या डावातली सर्वांत सुंदर चाल हीच. ना शह, ना मार. घोडा एच७ वरून हलल्यामुळे सी२ च्या वजिराला एच७ पर्यंतचा कर्ण मोकळा झाला होता आणि तिथे शहाची भीती होती. एफ५ च्या प्याद्याने तो कर्ण बंद केला. त्याच प्याद्याने जी४ च्या घोड्याला आधार दिला. आणि काळ्या वजिराची एच४ वर जाण्याची धमकी तशीच उभी राहिली. एफ८ चा घोडा? तो कुठे जाणार आहे? त्याने हत्ती खाल्ला, पण त्या कोपऱ्यातून परत येऊन स्वतःच्या राजाला वाचवायला त्याला वेळ नाही. हल्ल्याच्या ऐन भरात शांत चाल खेळण्यासाठी जी छाती लागते, ती घोडा देण्याच्या छातीपेक्षा मोठी असते असे मी मानतो. घोडा देताना निदान समोरच्याला धक्का बसतो. शांत चालीत आपणच आपल्या हिशेबावर भरवसा ठेवून बसायचे असते.

घोडा जी६ वर आला, एच४ चे घर राखायला. काळा वजीर एफ६ वर, त्या घोड्यावर. पांढऱ्याने एच३ खेळून जी४ च्या घोड्याला हटवू पाहिले. वजिराने घोडा मारला. आता एच३ च्या प्याद्याने जी४ वर मारले तर एच पट्टी उघडते, वजीर एच६ वर येतो आणि मात. म्हणून पांढऱ्याचा वजीर ई२ वर. काळा वजीर एच५ वर.

इथे पट नीट पाहा. राजा एच१ वर. जी२ चे प्यादे बी७ च्या उंटाने जखडलेले, त्या लांब कर्णावर मध्ये काहीच नाही. एच३ चे प्यादे एच५ च्या वजिराने जखडलेले. जी१ चे घर डी४ च्या उंटाच्या ताब्यात. राजासमोरची दोन्ही प्यादी उभी आहेत, पण एकही काही मारू शकत नाही. काळ्या वजिराने एच३ वर मारले की मात. ती टाळायला अरोनियनने वजीर डी३ वर आणला: तिसऱ्या आडव्या पट्टीवरून तो एच३ राखतो आणि डी४ च्या उंटावरही मारा करतो.

तेविसावी चाल. डी४ चा उंट ई३ वर. वजीर आणि एच३ यांच्या मधोमध, पुन्हा मारातच. पांढऱ्या उंटाने त्याला मारले तर स्वतःचाच उंट वजिराची वाट अडवतो आणि एच३ वर मात चालू. वजिराने मारले तर जी४ चा घोडा वजीर घेतो. त्या घोड्याला उंटाने मारले तरी एच३ आता उघडेच, आणि मात टळत नाही. हत्ती एफ३ वर आणून वाट अडवली तर घोडा एफ२ वर जाऊन राजा-वजिरांना एकदम धरतो. अरोनियनने डाव सोडला.

हा डाव पाहताना बुद्धिबळाच्या जुन्या वाचकांना १९०७ मधले लॉज शहर आठवले. पोलंडचे हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तिथे गेर्श रोटलेव्ही या तरुणाविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइनने काळी मोहरी घेऊन जो डाव खेळला, तो आजही त्याचा अमर डाव म्हणून ओळखला जातो. त्यात रुबिनस्टाइनने वजीर एच४ वर मारात सोडून हत्तीने सी३ चा घोडा मारला, वजीर गेल्यावर दुसरा हत्ती डी२ वर नेऊन दिला, आणि पंचविसाव्या चालीला एच३ वर हत्ती नेऊन डाव संपवला.

दोन्ही डाव शेजारी मांडून पाहा, मी पुष्कळदा पाहिले आहेत. १०६ वर्षांचे अंतर, पण हाडांचा सांगाडा एकच. दोन्हींत पांढऱ्याचा उंट डी३ वरून सी४ ला आणि पुन्हा डी३ ला फिरला. दोन्हींत काळ्याने बी५ खेळून उंट बी७ वर बसवला. दोन्हींत पांढऱ्याने एफ४ खेळून राजाशेजारचा कर्ण स्वतःच उघडला, आणि त्या कर्णावर दुसरा काळा उंट येऊन बसला. दोन्हींत राजा एच१ वर ढकलला गेला आणि काळा घोडा जी४ वर उभा राहिला. रुबिनस्टाइनच्या काळी संगणक नव्हता. आनंदच्या काळी प्रत्येक मोठ्या खेळाडूच्या खोलीत तो होता आणि चुकीचे देणे क्षणात उघडे पाडत होता. तरीही दोन उंट, एक घोडा आणि कोपऱ्यातला राजा यांचे गणित तेच निघाले. कोणाचा डाव कोणाला आठवला हा प्रश्न मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. आनंदच्या हातात रुबिनस्टाइन होता, कारण ज्याने ते डाव लहानपणापासून पटावर मांडले त्याच्या हातात ते राहतातच.

ती स्पर्धा पुढे मॅग्नस कार्लसनने तेरापैकी दहा गुण घेऊन जिंकली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नईत त्याने आनंदचे जगज्जेतेपदही घेतले. या डावाने त्यात काही बदलले नाही. पण त्या वर्षाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे चेन्नई येत नाही, ई३ वरचा तो उंट येतो.

मघाशी मनात ठेवायला सांगितलेला हिशेब आता करू. गुण बाजूला ठेवा, चाली मोजा. अरोनियन तेवीस चाली खेळला. त्यातल्या पाच त्याच्या राजाकडच्या उंटाने घेतल्या: डी३, सी४, डी३, ई२, जी४. शेवटी तो मारला गेला. पाच चाली राजाकडच्या घोड्याने घेतल्या: एफ३, जी५, एच७, एफ८, जी६. त्याने वाटेत एक प्यादे आणि एक हत्ती खाल्ला, आणि शेवटी तोही मारला गेला. तेवीसपैकी दहा चाली अशा दोन मोहऱ्यांवर खर्ची पडल्या, जे अखेरच्या क्षणी पटावर नव्हते. उलट काळ्याकडे पाहा. बी७ च्या उंटाने संपूर्ण डावात एकच चाल केली आणि तिथून न हलता पांढऱ्या राजासमोरचे प्यादे बांधून ठेवले. आनंदने हत्ती दिला, त्याच्या बदल्यात त्याला वेळ मिळाला, आणि तो वेळ त्याने राजाच्या अंगणात नेऊन खर्च केला. डाव सुटला तेव्हाही गुणांच्या हिशेबात पांढराच पुढे होता. हत्तीच्या बदल्यात त्याने एक हलका मोहरा दिलेला होता.

हा डाव स्वतः मांडून पाहाल, तेव्हा शेवटी पांढऱ्याच्या पहिल्या ओळीकडे नजर टाका. ए१ वरचा हत्ती आणि सी१ वरचा उंट जिथे मांडले होते तिथेच आहेत. डाव संपेपर्यंत त्यांनी एकही चाल केलेली नाही.